विन्या, तिकडून पोल सॉ आणू नकोस

कारेलीबाग, बडोदे
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "डिसेंबरात येतोच आहे, इथे होम डेपोत रायोबीचा पोल सॉ सेलमध्ये लागलाय, बॅगेत टाकून आणतो." तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली आणि माझं "अरे थांब" तुझ्यापर्यंत पोचलं की नाही, देव जाणे. म्हणून हे पत्र. पोल सॉ, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली बॅटरीवरची छोटी चेन-करवत, मी घेणार आहे, ते ठरलंय. पण तिकडचा, अमेरिकेतला नको. का नको, ते नीट सांगतो. तुला सगळ्याचा हिशेब लागतो, हे मला शाळेपासून माहीत आहे.

आधी गरज काय ते. आपली झाडं छाटायला धारिया (लांब दांड्याचा कोयता) घेऊन येणारा म्हातारा आठवतो ना, पंचमहालातला? तो आता गावीच असतो, गुडघे गेले. त्याच्या जागी येतात ती पोरं अनवाणी, कमरेला दोर न बांधता सरसर वर चढतात. मी खाली उभा राहून रामरक्षा म्हणतो. उद्या एखादा पडला तर काय करायचं? शिवाय त्यांना एकच पद्धत माहीत, झाड बोडकं करायचं. मागच्या खेपेला आसोपालवांचे (खोट्या अशोकांचे) शेंडे असे उडवले की वर नुसते खुंट उरले. मग त्या खुंटांतून फुटव्यांचा झुबका येतो. तो वरवरच्या सालीतूनच फुटलेला असतो, पकड कच्ची, आणि पुढच्या वादळात तोच मोडून पडतो. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री घरात शिरली तेव्हा पाणी ओसरेपर्यंत अंगणातली माती इतकी मऊ झाली होती की शेवगा उभ्याचा आडवा झाला. त्याचा भार वेळेवर कमी केला असता तर कदाचित राहिला असता, असं आपलं मला वाटतं. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

आता तुझी रायोबी. मशीन वाईट नाही, पण तिचा चार्जर तिकडच्या 120 व्होल्टचा. इथे 230. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, कबूल, पण एका चार्जरसाठी तो लोखंडी ठोकळा कोण सांभाळणार? बॅटरी विमानात न्यायची तर सुटी बॅटरी हातातल्याच बॅगेत लागते. शंभर वॉट-तासांपर्यंत कोणी काही म्हणत नाही, शंभर ते एकशे साठमध्ये विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर नाहीच. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलंस की वॉट-तास निघतात. अठरा व्होल्ट चार एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी बहात्तरची, ती येईल. तू ईगो कंपनीचं नाव घेत होतास, ते छप्पन्न व्होल्टचं. त्यांची अडीच एएचची बॅटरी एकशे चाळीसची आणि पाच एएचची दोनशे ऐंशीची, म्हणजे ही दुसरी नेवार्कच्या विमानतळावरच राहणार. आणि समजा सगळं सुखरूप आलं, तरी तीन-चार वर्षांनी बॅटरी बसली की? मी तुला फोन करायचा आणि तू पुन्हा बॅगेत घालायची? माझ्याकडे ड्रिल आहे अठरा व्होल्टची, दोन बॅटऱ्या आणि चार्जर पडून आहेत. त्याच कंपनीचा पोल सॉ बॅटरीशिवाय, नुसतं मशीन म्हणून मिळतो. बॅटरीच्या पैशात जवळजवळ अर्धा सौदा अडकलेला असतो, तो वाचला.

व्होल्टच्या आकड्यांवर तू जातोस म्हणून सांगतो, तो निम्मा बाजाराचा खेळ आहे. आतले लिथियम सेल प्रत्येकी 3.6 व्होल्टचे. पाच ओळीत लावले की अठरा. पूर्ण चार्ज केल्यावर प्रत्येक सेल चारच्या थोडा वर जातो, म्हणून तुमच्याकडे त्याच बॅटरीवर "20 व्होल्ट मॅक्स" छापतात. अठरा आणि वीस एकच. आणि इथे ऑनलाइन जी बिनानावाची मशीनं येतात त्यांच्यावर 48, 88 असं काहीही रंगवलेलं असतं, आत मात्र बहुतेकदा तीच पाच सेलची रांग. वॉट-तास लिहिले नसतील तर घ्यायचं नाही, इतका साधा नियम मी केलाय.

खरी गोष्ट वजनाची आहे, आणि तीही एकूण वजनाची नाही, टोकाच्या वजनाची. शेजारच्या काकांनी उन्हाळ्यात एक पोल सॉ घेतला. छोटा चेन सॉ, त्याला अ‍ॅल्युमिनियमचा दांडा जोडलेला. मी त्यांच्याकडून मागून आणला आणि आपल्या कडुनिंबावर लावून बघितला. हातात उचलला तेव्हा वाटलं, काय हलका आहे! दांडा पूर्ण बाहेर काढला, वर नेला, आणि टोक डोलायला लागलं. मी उजवीकडे नेतोय, टोक आधी डावीकडे जातंय, मग भानावर येऊन उजवीकडे. फांदीवर चेन टेकवायची जागा सापडेपर्यंत मनगटं भरून आली. कारण उघड आहे, त्या मशीनची मोटर आणि बॅटरी दोन्ही वरच्या टोकाला आहेत. भरलेली कळशी हात लांब करून धरून बघ, म्हणजे कळेल. चांगल्या मशीनमध्ये मोटर वर असली तरी बॅटरी खाली मुठीपाशी असते, ती तोल सांभाळते. काही महागड्यांत मोटरही खाली असते आणि आतून शाफ्ट वर जातो, पण ती एकूणात जड, आणि घरच्या चार झाडांसाठी फार झालं. म्हणून दुकानात मशीन घ्यायचं तर आडवं धरून बघायचं नाही, पूर्ण लांब करून तिरकं वर धरायचं आणि मिनिटभर तसंच ठेवायचं. दुकानदार हसेल, हसू दे.

दुसरी फसवणूक पोहोचीची. खोक्यावर छापतात, "15 फूट पोहोच". त्यात तुझी उंची आणि वर केलेले हात धरलेले असतात, आणि दांडा सरळ डोक्यावर उभा. म्हणजे फांदी पडणार तुझ्याच टाळक्यात. बहुतेक पुस्तिकांत लिहिलेलं असतं की दांडा जमिनीशी साठ अंशांपेक्षा जास्त उभा धरू नका, आणि ते अगदी बरोबर आहे. आता कर हिशेब. दांडा नऊ फूट, साठ अंशांत त्याची उंची पावणेआठच्या आसपास, हात जमिनीपासून चार फुटांवर. झाले जेमतेम बारा. पंधरा नाही. माझ्या कडुनिंबाच्या ज्या दोन फांद्या वरच्या गॅलरीवर आल्यात त्या याहून वर आहेत, पण त्या गच्चीवरून आखूड दांड्यानेच होतील, कठड्याच्या आत उभं राहून. शिडीवर चढून पोल सॉ चालवणारे महाभाग मी यूट्यूबवर पाहिलेत. त्यांना दुरूनच नमस्कार.

बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी, किती इंची, असं तू विचारलं होतंस. आठ पुरतो. पाच-सहा इंच जाडीपर्यंत तो नीट कापतो, आणि त्याहून जाड फांदी आपण जमिनीवरून कापायची नसतेच. दहाचा घेतला की टोकाला आणखी वजन. चेन आपोआप तेल घेणारी हवी. काकांच्या मशीनला तेल हाताने घालावं लागतं, त्यांनी घरातलं सिंगतेल घातलं आणि तसंच ठेवून दिलं. दिवाळीच्या साफसफाईत काढलं तर चेन बारला चिकटलेली, चिक्की झाली होती तिची. खाण्याचं तेल पडून राहिलं की असं घट्ट होतं. बारचं तेल वेगळं मिळतं, ते आणायचं. आणि ठेवताना खाली जुनं वर्तमानपत्र, कारण थेंब थेंब गळतंच.

आता कापण्याचं. काकांनी त्यांच्या निंबाची मनगटाएवढी फांदी खोडाजवळून वरून सरळ कापायला घेतली. अर्ध्यावर आल्यावर फांदी स्वतःच्या वजनाने वाकली, कड्कन आवाज झाला, आणि खालच्या बाजूची साल खोडावरून हातभर सोलत खाली आली. आत पांढरंशार लाकूड, त्यातून पाणी पाझरतंय. ही जखम काही वर्षं भरत नाही. करायचं असं, आधी टोकाकडून तुकडे काढून फांदी हलकी करायची. मग खोडापासून हातभर अंतरावर खालून तिसऱ्या हिश्शाइतका काप, त्याच्या थोडं बाहेर वरून दुसरा. फांदी स्वच्छ तुटून पडते, साल सोलत नाही. राहिलेला खुंट शेवटी, फांदी खोडाला मिळते तिथे जो फुगीर कडा दिसतो त्याच्या अगदी बाहेरून. कडा कापायचा नाही आणि खुंटही ठेवायचा नाही. हे तुमच्याच अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी सिद्ध केलं. वनखात्यातले शास्त्रज्ञ, त्यांनी चेन सॉने असंख्य खोडं उभी चिरून आत बघितलं. झाडाची जखम आपल्यासारखी बरी होत नाही, झाड तिच्याभोवती भिंत बांधून सडणं तिथेच अडवतं, आणि ती भिंत त्या कड्यातूनच उभी राहते. जखमेवर डांबर किंवा रंग फासण्याचा फारसा उपयोग नाही, हेही तेच सांगत. आंब्याला मात्र आपले बागवाले बोर्डो पेस्ट लावतात, ते मी लावणार. बुरशीचा भरवसा नाही.

आंब्याला आत्ता हात लावायचा नाही, हे वेगळं सांगतो, कारण तू आल्यावर उत्साहात सुरू करशील. डिसेंबर-जानेवारीत मोहर येतो, आता छाटलं की पुढच्या मे महिन्यात रस कशाचा करायचा? त्याची छाटणी आंबे उतरल्यावर, जुलैच्या सुमारास. आणि चीक अंगावर उडतो, चट्टे पडतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट. कडुनिंब आणि आसोपालव मात्र उत्तरायणाच्या आधीच उरकायचे. चौदा-पंधरा जानेवारीनंतर झाडावर काय लटकलेलं असतं ते तुला ठाऊक आहे. पतंगाच्या चायनीज दोरीवर हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी आमच्या निंबात दर वर्षी ती सापडतेच. ती नायलॉनची, तुटत नाही. चेनमध्ये गेली की दातेरी चाकाभोवती गुंडाळत जाते आणि मशीन जागच्या जागी बसतं. मागच्या जानेवारीतली थोडी अजून वर आहे, ती आधी आंबे काढायच्या आकडीने ओढून घेणार, मगच करवत. त्याच वेळी घरटी आहेत का तेही बघून होईल. कावळ्याचं आता नसेल, पण होल्यांना ऋतूचं काही नसतं.

एक फांदी मी कापणारच नाही, आणि तूही आग्रह धरू नकोस. रस्त्याकडची, विजेच्या तारेपाशी गेलेली. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा. फायबरचा असला तरी त्यावर विसंबायचं नाही, ओली पानं आणि धूळ पुरेशी असते. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत तर तारेपासून पन्नास फूट लांब राहा असं लिहिलंय, आमच्या सोसायटीत पन्नास फुटांत तीन घरं बसतात! त्या फांदीसाठी वीज कंपनीच्या ऑफिसात अर्ज दिलाय. लाइन बंद करून त्यांची माणसं कापतील तेव्हा कापतील.

सौ. चं म्हणणं असं की एवढं सगळं करण्यापेक्षा लांब दांड्याची साधी हातकरवत घ्या. तिचं म्हणणं अगदीच मोडीत काढण्यासारखं नाही. दोन-अडीच इंचांपर्यंतच्या फांद्या तिने झटपट होतात, चार्जिंग नको, तेल नको. घरात एक-दोनच झाडं असती तर मी तीच घेतली असती. पण माझा उजवा खांदा तुला माहीत आहे, मान वर करून करवत ओढत बसणं आता होत नाही. आणि खरं सांगायचं तर मला मशीन हवंय. साठीनंतर माणसाला एखादं खेळणं लागतं, तू ते गोल्फच्या काठ्या घेतल्यास तेव्हा मी काही बोललो का?

आणायचंच असेल तर सिल्कीची घडीची करवत आण, जपानी, खालच्या फांद्यांसाठी. बॅटरी नाही, कस्टमची कटकट नाही, फक्त हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, विमानतळावर काढून घेतील. आणि माझं मशीन आलं की बारवर कोरलेले चेनचे आकडे तुला कळवतो, पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (कड्यांची जाडी) आणि कड्यांची संख्या. तिन्ही जुळली तर ओरेगन कंपनीच्या दोन जादा चेन आण, एक जरी चुकला तर आणू नकोस.

विमानाची तारीख नक्की झाली की लगेच लिही. निंब तू आल्यावरच काढू, कारण फाटकापाशी उभं राहून सोसायटीतली पोरं आणि स्कूटरवाले थोपवून धरायला एक माणूस लागतोच, आणि ते काम तुझ्या आवाजाला शोभेल. पायात मात्र बूट घालून ये. मागच्या वेळेसारखा कोल्हापुरी घालून आलास तर फाटकाच्या आत घेणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आई तुझी आठवण काढते, तिच्यासाठी फोन जरा दुपारचा कर, संध्याकाळी तिला ऐकू कमी येतं.

तुझा,
शऱ्या