गोऱ्ह्याची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी रांगेत उभं असताना एका पोराने मोबाइलवर 'माँ का दूध' या माहितीपटातला एक तुकडा दाखवला. २०२३ साली आलेला हा माहितीपट आपल्याच देशातल्या दूधधंद्यावर आहे. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग कॅन उचलता उचलता एक जण म्हणाला, "ही शेतकऱ्याची बदनामी आहे. असले कॅमेरेवाले गोठ्याच्या दारातच अडवले पाहिजेत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही तिथे गप्प राहिलो, म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून, म्हणजे गावोगावी जनावरांचे उपचार आणि रेतन करणारा सरकारी कर्मचारी म्हणून नोकरी केली. २०१९ ला निवृत्त झालो. गावात लोक अजून 'डॉक्टर' म्हणतात. घरी आल्यावर दोन रात्री जागून तो माहितीपट पूर्ण पाहिला. आईपासून तोडलेली वासरं, आखूड दाव्याला बांधलेल्या म्हशी, यातलं काहीच मला नवीन नव्हतं. आमच्या भागात सगळे गोठे असे आहेत असं मी म्हणत नाही. मुक्त गोठा करून, म्हणजे दाव्याला न बांधता, जनावरं लेकरांसारखी सांभाळणारी घरं मला माहीत आहेत. पण ही बदनामी आहे असं मला म्हणता येत नाही, कारण मी जे पाहिलं ते त्या पडद्यावरच्यापेक्षा वेगळं नव्हतं.

२०१६ च्या हिवाळ्यातली गोष्ट. पहाटे सहाच्या सुमारास मोटारसायकलला वीर्यमात्रा गोठवून ठेवायचा नायट्रोजनचा कंटेनर अडकवून मी एका वस्तीवर गाईच्या कृत्रिम रेतनाला निघालो होतो. पाटाच्या कडेला, घाणेरीच्या झुडपात काहीतरी हललं. गाडी लावून पाहिलं तर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, एचएफ (होल्स्टीन या विदेशी जातीचा) संकरित गोऱ्हा, म्हणजे नर वासरू. नाळ अजून ओली होती. अंगावरचा चिकटा गाईने अर्धाच चाटलेला, उरलेला थंडीने वाळून केस ताठ झालेले. मी त्याच्या तोंडाजवळ हात नेला तर तो बोट चोखायला लागला. तोंड आतून गार पडलं होतं. जनावरांत काम करणाऱ्याला गार तोंडाचा अर्थ सांगावा लागत नाही.

गोऱ्हा कोणाचा ते मला लगेच कळलं. शंभर-दीडशे पावलांवरच्या गोठ्यात गाय हंबरत होती, आणि तिचं रेतन नऊ महिन्यांपूर्वी मीच केलं होतं. त्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला. आत चुलीवर खरवस शिजत होता, वेलदोड्याचा वास येत होता. घरधनी नजर चुकवत एवढंच म्हणाला, "गोऱ्हा झाला, डॉक्टर." मी चहा प्यालो आणि काही न बोलता उठलो. गोऱ्ह्याला गोणपाटात गुंडाळून घरी आणलं, बाटलीने दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी हगवणीने गेला. जन्मल्यापासून तासा-दोन तासांत चीक, म्हणजे गाईचं व्यायल्यानंतरचं पहिलं दूध, पोटात गेला नाही तर वासराला रोगाशी लढायची ताकद येत नाही, हे प्रत्येक शिबिरात मी शेतकऱ्यांना सांगत आलो होतो. त्याच्या वाटणीचा चीक त्या पातेल्यात होता.

त्या माणसाला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याचा हिशोब त्याच्यापुरता चुकत नव्हता. गोऱ्हा जन्मताना तीस-पस्तीस किलोचा असतो. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं, म्हणजे रोज तीन लिटर दूध त्याला पाजायचं. लिटरला तीस रुपये धरले तर रोजचे नव्वद. दोन महिने पाजलं तर पाच हजारांच्या वर गेले, आणि पुढे त्याचा उपयोग काय? संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसल्यासारखंच, जू नीट बसत नाही, उन्हात तो धापा टाकतो. नांगरट, पेरणी ट्रॅक्टरवर गेली. मार्च २०१५ मध्ये आपल्या राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, तशी बाजारातली मागणीही संपली. त्या बंदीच्या बाजूने बोलणारे पुष्कळ भेटतात. मात्र वाचलेल्या गोऱ्ह्याला दूध कोणी पाजायचं, चारा कोणी घालायचा, याचं उत्तर मला त्यांच्यापैकी एकाकडूनही मिळालेलं नाही.

सरकारचीच एक आकडेवारी पाहा. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात गोवंशातल्या माद्या साडेचौदा कोटींच्या वर आणि नर पावणेपाच कोटींच्या आत. गाय काही एकाला तीन या प्रमाणात कालवडी देत नाही. निम्मे गोऱ्हेच जन्मतात. मग बाकीचे कुठे गेले? काही विकले गेले, काही कापले गेले, आणि काही पाटाच्या कडेला गेले. गोठ्यात जाऊन हे विचारणाऱ्याला आपण दारात अडवायला निघालो आहोत.

बाहेरच्या देशांतही असंच चाललं आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ साली 'डोमिनियन' नावाचा माहितीपट आला. ड्रोन आणि लपवलेले कॅमेरे वापरून तो केला आहे. अंडी देणार नाहीत म्हणून यंत्रात टाकलेली एका दिवसाची नर पिल्लं त्यात दिसतात, आणि जेमतेम काही दिवसांची, कत्तलखान्यात नेलेली दुधाळ गाईंची नर वासरंही. त्या वासरांच्या पायांतला तोच लटपटेपणा पाहून मला मोबाइल खाली ठेवावा लागला. वर्षभराने, ८ एप्रिल २०१९ ला, प्राणीहक्क कार्यकर्त्यांनी मेलबर्नच्या ऐन गर्दीतला चौक अडवला. तिथल्या सरकारने त्याच वर्षी जनावरांच्या फार्ममध्ये घुसायची चिथावणी देणाऱ्यांसाठी कडक शिक्षेचा कायदा केला. अमेरिकेत आयोवा राज्याने तर २०१२ मध्येच, खोटं सांगून अशा ठिकाणी नोकरी मिळवणं हा गुन्हा ठरवला. उलट जर्मनीने २०२२ च्या सुरुवातीपासून कोंबडीची नर पिल्लं मारण्यावरच बंदी घातली. त्यांना ते करता आलं, कारण पिल्लांचं काय होतं हे लोकांपुढे आलं होतं.

आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. भरतनाट्यम नर्तकी आणि खासदार रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्याचा आग्रह धरला होता. जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं त्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये, आजही तेवढाच. पन्नास रुपयांत दोन किलो पशुखाद्यसुद्धा येत नाही.

माहितीपटवाल्यांशी माझा एक मतभेद आहे, तोही लिहितो. त्यांचं म्हणणं, दूधच सोडा. शहरात राहणाऱ्याला ते जमेल, आणि कोणी सोडलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आमच्याकडे दोन गाईंवर घर चालवणाऱ्या बायका आहेत. दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या पगारातून त्या किराणा भरतात, पोरांची फी देतात. त्यांना उद्यापासून गाई सोडा असं मी सांगू शकत नाही. मात्र त्याच बायकांपैकी एकीने वसुबारसेला पूजेसाठी शेजारच्या गोठ्यातून वासरू मागून आणलेलं मी पाहिलं आहे. तिच्या गाईला महिन्यापूर्वीच गोऱ्हा झाला होता. ओवाळताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गाईच्या कानात ओळखीचा बारा आकडी बिल्ला आहे, तिच्या दुधाचा फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) रोज दोनदा लिहिला जातो. त्याच संकलन केंद्रावर तिच्या वासराच्या जन्माची, ते नर की मादी याची आणि तीन महिन्यांनी ते जिवंत आहे का याची नोंद व्हावी. गोऱ्हा तीन महिने जगवणाऱ्याला दुधामागे काही जादा पैसे मिळावेत. कालवडीच होतील अशा वीर्यमात्रा आता निघाल्या आहेत, शंभरात नव्वदपर्यंत माद्या होतात. त्या वाडीवस्तीपर्यंत वेळेवर आणि परवडणाऱ्या दरात पोचल्या, तर पाटाकडे जाणारे निम्म्याहून जास्त गोऱ्हे जन्मालाच येणार नाहीत. आपल्या वृत्तपत्राने निदान आमच्या जिल्ह्यातल्या दूध संघांना हा प्रश्न जाहीरपणे विचारावा, ही विनंती.

माझ्या गोठ्यात आज दोन गाई आणि सात महिन्यांचा एक गोऱ्हा आहे. त्याला आईचं दूध पाजलं, आता तो मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, खातो. कोणी कॅमेरा घेऊन आलं तर फाटक उघडं आहे. हा गोऱ्हा दोन वर्षांचा झाल्यावर त्याचं काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेही मी कॅमेऱ्यासमोर सांगेन.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. राहाता, जि. अहिल्यानगर