सिपोरेक्सच्या भिंतीत साध्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर टांगलेला टीव्ही: सदोष इन्स्टॉलेशनबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: 55 इंची टीव्हीचे वॉल माउंट भिंतीतून सुटल्याबाबत

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या टीव्हीसाठी आपल्याच तंत्रज्ञाने बसवलेले मूव्हेबल (लोखंडी हात बाहेर ओढून टीव्ही फिरवता येणारे) वॉल माउंट भिंतीतून सुटत चालले आहे. वरच्या डाव्या स्क्रूभोवती प्लास्टरला चीर गेली आहे, खालच्या युनिटवर पांढरी भुकटी सांडते आणि लोखंडी प्लेटच्या वरच्या कडेमागे पोस्टकार्ड सहज सरकते. टीव्ही उतरवून ठेवला आहे. फोटो, बिल आणि जॉबशीटची प्रत सोबत जोडली आहे.

या तक्रारीवर आपल्या सेवा केंद्राने "भिंत कमकुवत आहे, कंपनी जबाबदार नाही" असे उत्तर दिले. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. भिंत 4 इंची सिपोरेक्स ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची आहे आणि हल्लीच्या अनेक इमारतींत अशाच भिंती असतात. ती कसली आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. ड्रिल प्लास्टरपलीकडे जाताच विटेतून लाल भुकटी येते, सिपोरेक्समधून पांढरट-करडी आणि हलकी, तर काँक्रीटमध्ये बिट नेटाने दाबावे लागते. पहिल्याच छिद्रातून पांढरी भुकटी आली, तिथेच काम थांबवून ग्राहकाशी बोलायला हवे होते.

तसे न करता ड्रिल हॅमर मोडवर ठेवून चारही छिद्रे पाडली. सिपोरेक्स ठिसूळ असतो. हॅमरच्या ठोक्यांनी छिद्र आतून फुटून मोठे होते आणि गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) त्यात फुलून घट्ट बसण्याऐवजी फिरते. या भिंतीत हॅमर बंद करून नुसते फिरते ड्रिल वापरायचे असते. शिवाय गिट्ट्या 8 मिमी जाडीच्या, 40 मिमी लांबीच्या आहेत. पुट्टीसह प्लास्टर सुमारे 15 मिमीचे, म्हणजे ब्लॉकमध्ये जेमतेम 25 मिमी पकड. प्लास्टरमधली लांबी पकडीत धरायची नसते, हे साधे फडताळ ठोकणारा सुतारही जाणतो.

आता माउंटच्या निवडीबद्दल, कारण खरी चूक तिथे सुरू झाली. आपल्या विक्रेत्याने "32 ते 55 इंच, 35 किलोपर्यंत, कोणत्याही भिंतीला चालते" असे सांगून हे माउंट दिले. ते 35 किलो लोखंडी ब्रॅकेटच्या ताकदीचे आहेत, भिंतीतल्या गिट्टीच्या नव्हेत. टीव्हीचे वजन 15 किलो आहे. माउंटचा हात 45 सेंमी बाहेर ओढला आणि प्लेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये 20 सेंमी अंतर असले, तर वरच्या जोडीवर भिंतीतून उपटणारा ताण सुमारे 34 किलोचा येतो. हाताचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही. तोच टीव्ही भिंतीपासून 7 सेंमीवर असेल तर हा ताण 5 किलोच्या आसपास राहतो. त्यात हात डावी-उजवीकडे फिरवला की दर वेळी गिट्टी हलते आणि छिद्र आणखी सैल होते. म्हणून इंच विचारण्याआधी भिंत विचारायला हवी. सोफा समोरच असलेल्या खोलीत फिरत्या हाताची गरजही नसते. किंचित खाली झुकणारे टिल्ट माउंट पुरते.

टीव्हीच्या पाठीमागेही निष्काळजीपणा आहे. स्क्रू एम 6 मापाचे (6 मिमी जाडीचे), म्हणजे बरोबर आहेत. पण पाठीवरची छिद्रे खोलगट असताना स्पेसरसोबत (मधली पोकळी भरणाऱ्या नळीसोबत) मुळातले आखूड स्क्रूच लावले. त्यामुळे जेमतेम तीन आटे धरले आहेत. एम 6 स्क्रू किमान 6 मिमी तरी आत धरला पाहिजे, 8 ते 10 मिमी असेल तर उत्तम. मात्र हाताला येईल तो लांब स्क्रू घालणेही घातक, कारण तो आतल्या बोर्डाला किंवा पॅनेलला टेकतो. तसेच टेबलावर ठेवायच्या पायांचे स्क्रू खोक्यात ठेवलेले नाहीत, त्यामुळे टीव्ही आज धड उभाही करता येत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. हे माउंट परत घेऊन टिल्ट माउंट द्यावे आणि किमतीतला फरक परत करावा. भिंतीच्या पलीकडे आमचीच बेडरूम आहे, त्यामुळे आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी लावावी. हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ते जमत नसेल तर केमिकल अँकर (छिद्रात कडक होणारा रासायनिक मसाला भरून पक्के केलेले बोल्ट) वापरावेत: छिद्र ब्रश आणि हवेच्या पंपाने साफ करून, आणि मसाला पाकिटावर लिहिलेल्या वेळेपर्यंत पूर्ण कडक झाल्यावरच वजन टाकून. जुनी छिद्रे पुट्टीने बुजवून त्याच जागी पुन्हा गिट्टी ठोकलेली चालणार नाही. नवी छिद्रे जुन्यांपासून बाजूला घ्यावीत. ड्रिल करण्याआधी जवळच्या स्विचबोर्डापासून सरळ वर जाणारी वायरिंग तपासावी. पायांचे स्क्रू ताबडतोब पाठवावेत आणि पॅनेल तपासून तसा लेखी अहवाल द्यावा. भिंतीच्या दुरुस्तीचा व रंगाचा खर्च आपण सोसावा.

याशिवाय एक आग्रहाची विनंती आहे. इन्स्टॉलेशनचे बुकिंग घेतानाच भिंत वीट, सिपोरेक्स, काँक्रीट की जिप्सम हे विचारा आणि तंत्रज्ञाच्या पेटीत त्या-त्या भिंतीचे अँकर असू द्या. अशा टीव्हीखाली घरोघरी लहान मुले खेळत असतात.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर व दुरुस्तीची तारीख कळवावी. अन्यथा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

आपला,
ग्राहक, पुणे

सोबत: बिल, जॉबशीट, भिंतीचे व स्क्रूंचे फोटो