मनू, रविवारच्या भांडणानंतर

प्रिय मनू,

ओंकार डबा घेऊन निघतोय, त्याच पिशवीत ही चिठ्ठी घालते. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "ठेवते" म्हणतेस. चिठ्ठी निदान मध्येच ठेवता येत नाही.

रविवारी बोलले ते चुकलंच माझं. पैसे तुझे, तू कमावतेस. अंबडच्या कंपनीत माझी मुलगी शॉप फ्लोअर सांभाळते हे मी सोसायटीत कुणी न विचारता सांगत असते. योगालाही माझी ना नाही. पण त्या योगवर्गाचे वर्षाचे 28,000 रुपये एका दमात, तेही "आज संध्याकाळपर्यंत भरले तर" म्हणून? तूच म्हणालीस, मागच्या आठवड्यातही हाच मेसेज आला होता. मग ती ऑफर संपली कुठं?

पाठीचं मी काढणार नाही, ठरवलंय.

आधी एकाच महिन्याचे भर, एवढंच म्हणणं आहे. महिन्याला 3,500 म्हणजे 28,000 मध्ये आठ महिने झाले. आठ महिने नेमानं गेलीस तर वर्षाचा सौदा बरोबरीला येतो, त्यापुढं फायदा. गिटार किती महिने टिकली होती? बरं, राहू दे.

फुकटचा क्लास ते रविवारी सकाळी देतात, तेव्हा हॉलमध्ये असून असून किती माणसं असणार! तू जाणार संध्याकाळी साडेसहाला. त्याच वेळेला जाऊन डोकी मोज. आणि सहाला अंबडहून सुटून गंगापूर रोडला अर्ध्या तासात पोचशील? सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरून ठेवलेत.

शिकवणार कोण तेही विचार. भिंतीवरच्या फोटोतल्या बाई नव्हे, तुझ्या बॅचला कोण? 200 तासांचा कोर्स केलाय म्हणतात, ऐकायला भारदस्त वाटतं. रोज आठ तास धरले तर पंचवीस दिवस झाले. गणिताची बाई आहे मी, मला कशाला सांगता! नंदामावशी योग विद्या धामात जायची. तिच्या सरांनी पहिल्याच दिवशी ब्लडप्रेशर विचारलं आणि शीर्षासनाचं नाव काढू दिलं नाही. तुझ्या फॉर्मवर काय होतं? नाव, मोबाईल आणि "गोल". एल-फोर एल-फाइव्हचं, कमरेच्या मणक्यांचं, कुणी विचारलं?

आलंच बघ पाठीचं.

मुंबई नाक्यावर ॲक्टिव्हा घसरली त्या रात्री एमआरआयला आत नेताना त्यांनी तुझे कानातले काढून माझ्या हातात दिले. बाहेर बाकावर मी मूठ मिटून बसले ती किती वेळ कोण जाणे. घरी आल्यावर पाहिलं तर तळहातावर फिरकीचे दोन वण उठलेले. बाबा म्हणाले, अगं, हात तरी उघडायचास. फिजिओनं बजावलंय ना, सध्या पुढं वाकायचं नाही म्हणून? आणि पश्चिमोत्तानासनात "अजून थोडं, अजून थोडं" करत पाठीवर हात दाबणारे मी या डोळ्यांनी पाहिलेत. तुला कुणी तसा हात लावला तर सरळ उठून ये. लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस.

भरशील तेव्हा बिल घे. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. जीएसटी लावला तर बिलावर त्यांचा जीएसटी नंबर हवा, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून योगवर्गांना तो 5 टक्के आहे, 18 नाही. "भरलेली रक्कम परत मिळणार नाही" असं फॉर्मच्या मागं बारीक अक्षरात असतं. आजारी पडलीस, बदली झाली, त्यांनीच शाखा बंद केली, तर काय, ते सही करण्याआधी लिहून घे. "मॅडम, ॲडजस्ट करू" ऐकून येऊ नकोस. अगदी अंगाशी आलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन कर, नाहीतर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. 5 लाखांपर्यंत फी नाही. पैशाचं आयोग बघेल गं. पाठीचं कोण बघणार?

वर्गात उभी असल्यासारखी बोलतेय ना? माफ कर.

मला एवढं कसं माहीत, तर ऐक. तू नववीत होतीस. बाबांनी पेट्रोल पंपावर एक कूपन भरलं. आठवड्यानं फोन, तुमचा नंबर लागला, जोडीनं या. मी येवल्याची निळी पैठणी नेसून गेले. हॉटेलात जेवण, समोर टाय लावलेला पोरगा, आणि थोड्या थोड्या वेळानं घंटा वाजायची, कुणीतरी हॉलिडे क्लबचं सभासद झालं म्हणून सगळे टाळ्या वाजवायचे. पोरगा म्हणाला, ही किंमत या टेबलावरून उठेपर्यंतच. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. 65,000 गेले. सात महिन्यांत ऑफिसला कुलूप. तुझी मनालीची सहल बाबांना रजा मिळाली नाही म्हणून बुडाली, असं सांगितलं होतं आपण. तक्रारसुद्धा केली नाही, लाज वाटली. मान मी हलवली होती हे बाबांनी कधी कुणाजवळ काढलं नाही.

ओंकारला यातलं काही ठाऊक नाही. वाचून फाडून टाक.

शनिवारी साडेसहाच्या बॅचला बघायला जाणार असलीस तर मी येते. वर नाही येणार, खाली बसेन. कढीचा डबा आडवा करू नकोस, झाकण सैल झालंय.

तुझी आई