२५ टक्के प्रवेश : सोडतीनंतर वर्गात काय होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळांत गरीब व वंचित घरच्या मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के प्रवेशांची सोडत निघाली की आपल्या दैनिकात त्याविषयीच्या बातम्या येतात. किती अर्ज आले, किती जागा रिकाम्या राहिल्या, शाळांची शुल्क प्रतिपूर्ती किती थकली, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांना किती हेलपाटे घालावे लागले, हे सारे छापून येते आणि ते यायलाच हवे. परंतु सोडतीत नाव निघालेले मूल जूनमध्ये वर्गात गेल्यावर त्याच्या शेजारी कोण बसते आणि मधल्या सुट्टीत ते कोणाबरोबर डबा खाते, याची विचारपूस कोणी करत नाही. प्राथमिक शाळेत नोकरी केलेली शिक्षिका म्हणून मला हा प्रश्न प्रवेशाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्यावर चांगले संशोधन झालेले असताना साताऱ्यात त्याची चर्चा होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सर्वांत उपयोगी अभ्यास आपल्याच देशातला, दिल्लीतला आहे. सवलतीच्या दराने सरकारी जमीन मिळालेल्या तेथील खासगी शाळांना २००७ पासून २० टक्के जागा गरीब कुटुंबांतील मुलांसाठी ठेवणे बंधनकारक झाले. त्यामुळे एकाच शाळेत काही वर्गांत गरीब मुले आली आणि त्यांच्या वरच्या वर्गांत ती नव्हती. या फरकाचा उपयोग करून अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी सधन घरच्या मुलांच्या वागण्यात काय बदल झाला ते तपासले. त्यांचा निबंध २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गरीब मुलांच्या सहवासात शिकलेली सधन मुले शाळेच्या सेवाकार्यासाठी अधिक संख्येने पुढे आली आणि हातातले पैसे दुसऱ्याशी वाटून घेण्याचा खेळ मांडला तेव्हा ती अधिक उदार ठरली. त्यांचे हे औदार्य गरिबांपुरते मर्यादित नव्हते, इतर सधन मुलांशीही ती तशीच वागली.

त्यातील रिले शर्यतीचा प्रयोग प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावा असा आहे. मुलांना जोडीदार निवडायला सांगितले होते आणि निवडलेल्या जोडीदाराबरोबर नंतर काही वेळ खेळण्यात घालवायचा होता. बक्षीस ५० रुपयांचे असताना सुमारे एक तृतीयांश सधन मुलांनी वेगाने धावणाऱ्या गरीब मुलाला बाजूला ठेवून आपल्यासारख्याच घरातले, पण हळू धावणारे मूल निवडले. बक्षीस ५०० रुपयांचे झाले तेव्हा असे करणारी मुले फारच थोडी उरली. म्हणजे कोण जोरात पळते हे मुलांना नीट दिसत होते, तरीही जिंकण्यापेक्षा आपल्यातल्याची सोबत त्यांना मोलाची वाटत होती. ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुले होती, त्यांच्यात हा भेदभाव लक्षणीय कमी आढळला.

याच अभ्यासातला आणखी एक तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. काही शाळांत अभ्यासाचे गट मुलांच्या नावाच्या आद्याक्षरानुसार पाडले जात. कोणाच्या गटात गरीब मूल आले आणि कोणाच्या नाही, हे केवळ वर्णमालेने ठरले. अशा गटात रोज एकत्र अभ्यास केलेल्या मुलांकडे पाहिल्यावर दिसले की बदलाचा मोठा भाग या प्रत्यक्ष सहवासातून येतो. ज्या शाळा २५ टक्क्यांतील मुलांना दाखल करून घेतात आणि मग वर्गातल्या वर्गात वेगळे ठेवतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. एकाच हजेरीपटावर नावे असूनही मुले एकमेकांना अनोळखी राहू शकतात.

‘आमच्या मुलांचा अभ्यास मागे पडेल’ ही पालकांची भीती मी पालकसभांतून पुष्कळदा ऐकली आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रावांच्या अभ्यासात गणित आणि हिंदीच्या गुणांवर परिणाम दिसला नाही, इंग्रजीचे गुण मात्र थोडे घसरले. ही घसरण लपवून पालकांचा विश्वास मिळवता येणार नाही. इंग्रजीकडे जादा लक्ष देऊ असे शाळांनी मोकळेपणाने सांगावे आणि तसे करून दाखवावे.

केवळ एकत्र आणल्याने मुले जवळ येत नाहीत, हे १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात झालेल्या प्रयोगाने दाखवून दिले होते. तुर्कस्तानात जन्मलेले समाजमानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरवून त्यांचे दोन गट केले होते. वंश, धर्म आणि घरची स्थिती या सर्व बाबतींत मुले सारखीच होती, तरी स्पर्धा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत शिवीगाळ, झेंड्यांची जाळपोळ आणि एकमेकांच्या खोल्यांवर हल्ले इथपर्यंत मजल गेली. दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले तेव्हा भांडण मिटले नाही, उलट अन्नाची फेकाफेक झाली. मग पाणीपुरवठा बंद पडला, सामान आणणारी मोटार अडली, अशा अडचणी मुद्दाम निर्माण करण्यात आल्या. कोणत्याही एका गटाला एकट्याने न पेलणारे काम वारंवार वाट्याला आले, तेव्हा वैर हळूहळू ओसरले. आपल्यावर प्रयोग चालू आहे हे मुलांना ठाऊक नव्हते, आणि त्याबद्दल नंतर झालेली टीका रास्तच आहे. तसे शिबिर आज कोणी भरवू नये. त्याच वर्षी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी आपल्या ग्रंथात गटागटांतील पूर्वग्रह कमी होण्यासाठी समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि अधिकारी मंडळींचा पाठिंबा ही चार अंगे आवश्यक मानली. २००६ मध्ये पेटिग्र्यू आणि ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह सामान्यतः कमी होतो असे दिसले आणि ही चार अंगे असली तर परिणाम अधिक चांगला होतो हेही दिसले.

सातारकरांना हे वाचताना धनिणीची बाग, म्हणजे कर्मवीरांच्या वसतिगृहाची जागा, आठवल्यावाचून राहणार नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळी कोल्हापुरात वसतिगृहे जातवार काढावी लागली, कारण त्या वेळची परिस्थितीच तशी होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले, त्यात मात्र सर्व जातिधर्मांची मुले एका छताखाली ठेवली. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नाव दिले. मुले आळीपाळीने स्वयंपाक करत, पाणी भरत, शेतात राबत आणि एका पंगतीत जेवत. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, हेही येथे प्रत्येकाला ठाऊक आहे. ऑलपोर्ट यांनी सांगितलेल्या चारही गोष्टी त्या घरात होत्या, आणि त्या त्यांच्या ग्रंथाच्या तीस वर्षे आधी होत्या. आपण भाऊरावांची जयंती साजरी करतो, पुतळ्याला हार घालतो, पण त्यांनी मुलांच्या सामाजिक वाढीविषयी जे करून दाखवले त्याकडे शिक्षणशास्त्राचा धडा म्हणून पाहत नाही, हे मला खटकते.

आजच्या वर्गात काय चालते? २०१० च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, या राखीव जागांवरील मुलांना वर्गात वेगळे बसवता येणार नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवता येणार नाहीत, आणि पुस्तके, गणवेश, ग्रंथालय, खेळ यांत भेद करता येणार नाही. उघड वेगळी तुकडी आता क्वचितच कोणी करत असेल. भेद शिरतो तो दुसऱ्या वाटांनी. स्नेहसंमेलनाच्या नाचात ज्यांना भाड्याचा पोशाख परवडतो त्यांनाच पुढच्या रांगेत घेतले जाते. सहलीचे पैसे कोणी भरले नाहीत ते भर वर्गात वाचून दाखवले जाते. वाढदिवसाला वर्गभर महागडी भेट वाटण्याची प्रथा पडते आणि ज्या घरात ते शक्य नाही त्या घरचे मूल त्या दिवशी शाळेला येतच नाही. माझ्या परिचयातील एका शाळेत ‘आरटीईची मुले’ असा शब्द शिक्षकच वापरत असत, आणि महिन्याभरात तो मुलांच्या तोंडी बसला. सात वर्षांच्या मुलाला ‘कोटा’ म्हणजे काय हे कळण्याचे कारण नव्हते.

दिल्लीच्या अभ्यासाने प्रामुख्याने सधन मुलांमधला बदल मोजला. गरीब घरच्या मुलाला त्या वर्गात काय अनुभव आला, त्याला मित्र मिळाले का, सणासुदीला त्याला कोणी घरी बोलावले का, हे आपल्या जिल्ह्यापुरते तरी आपणच शोधायला हवे. बालविकासाच्या संशोधनात भाग घेणारी बहुसंख्य मुले आजही पाश्चात्त्य देशांतील असतात. तेथील निष्कर्ष फलटण, वाई किंवा माणच्या मुलांना जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. आपल्याकडे शिक्षणशास्त्र महाविद्यालये आहेत, मानसशास्त्राचे पदव्युत्तर विभाग आहेत, आणि दरवर्षी तेथे लघुप्रबंध लिहिले जातात. मधल्या सुट्टीत कोण कोणाबरोबर खेळते याची नोंद घ्यायला खर्च येत नाही. ‘सहलीला शेजारी कोण बसलेले आवडेल’ हा साधा प्रश्न प्रत्येक मुलाला एकांतात विचारला, उत्तरे गुप्त ठेवली आणि वर्षाअखेर पुन्हा विचारला, तर मैत्रीचा नकाशा कागदावर उतरतो. पालकांची संमती मात्र आधी घ्यावी आणि कोणाही मुलाचे नाव बाहेर जाऊ देऊ नये.

शाळांनी संशोधनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. बाकांवरची बैठक आणि अभ्यासाचे गट हजेरीपटाच्या क्रमाने ठरवून दर दोन महिन्यांनी बदलणे, परसबाग, भित्तिपत्रक, वाचनालयाची मांडणी यांसारखी कामे मिश्र गटांकडे सोपवणे, स्नेहसंमेलनाचे पोशाख शाळेनेच पुरवणे आणि वर्गातील वाढदिवसाच्या भेटवस्तू बंद करणे, एवढे कोणत्याही मुख्याध्यापकाच्या हातात आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की २५ टक्के प्रवेशांच्या तपासणीत पटाबरोबर गटांची यादीही मागवावी आणि वर्ग भरलेला असताना अधिकाऱ्यांनी तेथे जाऊन बसावे. शाळा सुरू होण्यापूर्वी पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेत हा विषय घेता यावा, यासाठी तसे परिपत्रक मे महिन्यातच निघावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा