टॉर्चच्या उजेडातला लाल

प्रिय सर,

चित्र काल रात्री पूर्ण झालं. रंग अजून ओला आहे, खोलीभर टर्पेंटाइनचा वास आहे आणि सही करायच्या आधी तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुमच्याआधी दोघांकडे डायव्हिंग शिकायला गेले होते. कानात दडा बसलाय असं मी खुणेनं सांगत होते, तरी पहिल्यांनी मला खाली नेलं. दुसऱ्यांनी पाण्याखाली रेखाटायची माझी पाटी पाहून सगळ्यांसमोर म्हटलं, "चित्रंच काढायचीत तर मत्स्यालयासमोर बसा ना!" ते अजून आठवलं की घसा दाटतो. तुम्ही मात्र पाटी पाहून एवढंच विचारलंत, "पेन्सिल बांधलीय ना? सुटली तर तरंगत वर जाईल."

आणि मग 18 मीटरवरचं ते प्रवाळ. पंख्यासारखं पसरलेलं, राखाडी-तपकिरी. मी ते तसंच रेखाटत होते. तुम्ही खांद्यावर हलकेच थोपटलंत आणि टॉर्च लावलात. लालभडक! फांदीफांदीवर आठ-आठ शुंडकांचे इवले पांढरे जीव उमललेले. टॉर्च बंद, परत राख. लावला, परत लाल. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं हे मी वाचलं होतं, पण माझ्या डोळ्यांना ते त्या क्षणी कळलं. मग तुम्ही टॉर्च तसाच धरून ठेवलात. प्रवाहानं तुमचं अंग हलत होतं, उजेडाचं वर्तुळ मात्र जागचं हललं नाही, माझी पेन्सिल थांबेपर्यंत.

इतकी वर्षं मी फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंवरून समुद्र रंगवत होते. सगळीकडे लाल, सगळीकडे केशरी. लोकांना आवडायचंही. या वेळी अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून अख्खा कॅनव्हास निळसर राखाडी ठेवला आणि कॅडमियम रेड फक्त तळहाताएवढ्या जागेत लावला. तो लावताना हात थरथरत होता.

तुम्ही ते प्रवाळ कितीदा पाहिलं असेल, सर! तरीही माझ्या पहिल्या वेळेला तुम्ही घाई केली नाहीत. समोरच्याला पोटभर पाहू देणारी माणसं फार थोडी भेटतात, आणि भेटली की आपणही पुढच्याशी जरा सबुरीनं वागायला लागतो. माझ्याकडे चित्रकला शिकायला येणाऱ्या मुलांना हा फरक जाणवलाय.

चित्राच्या डाव्या कडेला, निळ्यात जवळजवळ विरलेला, टॉर्च धरलेला एक हात आहे. तो तुमचा आहे.

तुमची विद्यार्थिनी