माशीला माशी मारून चित्रपट होत नाही

संपादक महोदय,
स. न.

जपानी मांगा (चित्रकथा) आणि ॲनिमे (ॲनिमेशनपट) यांवरून खऱ्या नटांना घेऊन काढलेल्या चित्रपटांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘कार्टूनमध्ये खरी माणसे घातली की ते फसणारच’ हे त्यातले मत मला अजिबात पटले नाही. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. मुले वहीच्या शेवटच्या पानावर लुफी, केन्शिन, लाइट यागामी काढत बसतात. ती कोण म्हणून विचारता विचारता मी मूळ मांगा वाचायला लागलो.

‘डेथ नोट’ या मांगाचेच घ्या. लाइट हा हुशार, आयुष्याला कंटाळलेला विद्यार्थी. जिच्यात नाव लिहिले की माणूस मरतो, अशी वही त्याला सापडते. पाळणाघरात मुलांना ओलीस धरलेल्या माणसाची बातमी टीव्हीवर चालू असते आणि लाइट त्याचे नाव लिहितो. त्याला कोणी भरीस घातलेले नसते. पुढे मृत्युदेव र्‍यूक समोर येतो, तेव्हा लाइट दचकून खुर्चीवरून पडतो खरा, पण लगेच सावरून सांगतो, मी तुझी वाटच पाहत होतो. तोवर वहीची पाने नावांनी भरलेली असतात. चकित व्हायची पाळी र्‍यूकवर येते.

ॲडम विंगार्ड यांच्या 2017च्या अमेरिकी चित्रपटात र्‍यूकला बघून लाइट वर्गात किंचाळत सुटतो आणि मग र्‍यूकच्याच आग्रहावरून शाळेतल्या एका दांडगट मुलाचे नाव लिहितो. कथा सिएटलला नेली याबद्दल माझी तक्रार नाही. ‘ओल्डबॉय’ हा 2003चा कोरियन चित्रपटही जपानी मांगावरूनच आलेला आहे आणि तो थोर आहे. माझी तक्रार आहे ती पहिल्या खुनाची निम्मी जबाबदारी र्‍यूकच्या गळ्यात घालण्याबद्दल. आपण न्यायच करतो आहोत अशी खात्री असलेला मुलगा स्वतःहून खुनी होतो, हीच तर ती गोष्ट! शुसुके कानेको यांच्या 2006च्या जपानी चित्रपटातही बदल आहेत. त्यातला लाइट कॉलेजात कायदा शिकतो, शिओरी नावाची त्याची मैत्रीण तर नव्यानेच घातली आहे. पण वहीत नाव लिहायचे की नाही, हे तिथे तोच ठरवतो.

उलट बाजूही आहे. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’च्या 2017च्या जपानी चित्रपटात युरोपीय वळणाच्या पात्रांसाठी जपानी नटांना सोनेरी केस चढवले. चित्रात तो सोनेरी रंग शोभतो, कारण शेजारचे सगळेच चित्र असते. खऱ्या उन्हात, खऱ्या कातडीवर तो टोप म्हणूनच दिसतो. याला आपण माशीला माशी मारणे म्हणतो.

‘रुरोनी केन्शिन’ (2012) पाहिला तेव्हा मला शिकवल्यासारखे वाटले. पुन्हा कुणाला मारणार नाही अशी शपथ घेतलेला केन्शिन उलट्या धारेची तलवार वागवतो. मांगात त्याचे केस आणि किमोनो भडक आहेत. दिग्दर्शक केइशी ओतोमो यांनी केस तपकिरीकडे झुकवले आणि किमोनो पायी हिंडणाऱ्या माणसाचा वाटावा इतका विटका ठेवला. मांगात वेग दाखवायला रेघा ओढतात. इथे ते काम ताकेरू सातोच्या शरीराने केले आहे. तो जमिनीलगत वाकून असा धावतो की कागदावरची रेघच हलू लागल्यासारखी वाटते. आमच्या नववीतल्या एका मुलीने केन्शिन पोस्टर कलरने लालभडक रंगवला होता. चित्रपट पाहून आल्यावर तिने ओला ब्रश फिरवून तो लाल स्वतःच उतरवला. मी तिला काहीच सांगितले नव्हते.

लुफीच्या ‘वन पीस’ या मांगावरून खऱ्या नटांना घेऊन काढलेल्या 2023च्या मालिकेत मूळ चित्रकार एइचिरो ओदा स्वतः निर्मात्यांमध्ये होते आणि त्यांचे समाधान झाल्याखेरीज ती प्रदर्शित होणार नाही असे ठरले होते. 1997पासून जो माणूस ती पात्रे काढतो आहे, त्याचा शब्द शेवटचा असायलाच हवा.

म्हणून एक कळकळीची विनंती. असा चित्रपट पुढच्या वेळी येईल, तेव्हा त्याचे परीक्षण मूळ मांगा वाचलेल्या माणसाकडून लिहून घ्यावे. आणि ‘बच्चेकंपनीसाठी’ या चौकटीत ते छापू नये. पाच चित्रपटांची केन्शिन मालिका 2021मध्ये पूर्ण झाली. तिच्यावर आपल्या चित्रपट पानात एक ओळही वाचल्याचे मला आठवत नाही.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, मिरज