योकोहामाच्या मुलांना देवनारही दाखवा

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

परीक्षा संपत आल्या की मुंबईतल्या बड्या शाळांमधून ‘इंटरनॅशनल एक्स्चेंज’ची पत्रके घरी येऊ लागतात. अलीकडे त्यांवर ‘निरोगी जीवनशैली’ आणि ‘पर्यावरणाची जबाबदारी’ हे शब्द हमखास असतात. मुलांनी जग पाहावे, याला कोण नाही म्हणेल? पण आत थीम पार्क, खरेदी आणि एका दुपारी यजमान शाळेत वृक्षारोपण एवढाच कार्यक्रम असेल, तर सरळ सहल म्हणावे. सहलीत वाईट काही नाही.

माझ्या भाचीच्या शाळेत परदेशी पाहुण्या मुलांचे स्वागत झाले, तेव्हा मंचावर ‘प्लास्टिकमुक्त मुंबई’ असा भलामोठा फ्लेक्स होता आणि प्रत्येक खुर्चीवर पाण्याची छोटी बाटली, वेष्टनातला केक आणि चिप्सचे पाकीट. मुळात तो फ्लेक्सच प्लास्टिकचा! अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. विकता येत नाहीत, वाटता येतात, असा अर्थ बहुधा लावला गेला असावा.

युरोपात शाळांच्या अशा प्रकल्पांना युरोपीय संघ पैसा देतो. पूर्वी ते ‘कोमेनियस’ नावाने चालत, आता ‘इरॅस्मस प्लस’खाली चालतात. त्यामुळे साध्या सरकारी शाळेतली मुलेही दुसऱ्या देशात जातात आणि विमानाऐवजी रेल्वेने गेल्यास वाढीव मदतही मिळते. आपल्याकडे मात्र सगळे घोडे पालकांच्या खिशापाशी अडते.

मुंबईला यासाठी नवे काही शोधायची गरज नाही. जपानमधले योकोहामा हे १९६५पासून आणि जर्मनीतले स्टुटगार्ट १९६८पासून आपले भगिनी शहर आहे. एरवी हे नाते पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्हांपुरते उरते. त्यातही योकोहामाकडे आपल्याला हवे तेच आहे. २००१च्या तुलनेत २०१०पर्यंत शहराचा कचरा ३० टक्क्यांनी कमी करायचा, असे त्यांनी ठरवले आणि ते २००५मध्येच करून दाखवले. लोकांना घरात कचऱ्याचे दहा प्रकार वेगळे करायला लावले, आणि त्यासाठी वस्तीवस्तीत सभा घेतल्या. कचरा इतका घटला की भस्मीकरणाच्या भट्ट्या बंद करता आल्या. आपली सोसायटी अजून ओला आणि सुका या दोनांवरच भांडते आहे.

जपानच्या प्राथमिक शाळांतली मधली सुट्टी तर मुद्दाम पाहण्यासारखी असते. पांढरा ॲप्रन आणि टोपी घातलेली मुलेच पाळीपाळीने वर्गाला जेवण वाढतात आणि शिक्षक त्यांच्याबरोबर तेच जेवतात. शाळेतल्या जेवणाचा कायदा तिथे १९५४चा आहे, आणि आहारशिक्षणासाठी २००५मध्ये आणखी एक कायदा झाला. अनेक शाळांत दूध पिऊन झाल्यावर मुले रिकामे खोके धुतात, उलगडतात आणि वाळवून पुनर्वापरासाठी देतात. मग वर्ग, जिना, काही ठिकाणी स्वच्छतागृहसुद्धा मुलेच झाडतात-पुसतात. आपल्याकडे एखाद्या बाईंनी मुलाच्या हाती झाडू दिला, तर दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये हजर! गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात हे घडते. झाडू ठरावीक घरांतल्या माणसांनीच धरायचा, हे आपण मुलांना न बोलता शिकवत असतो, आणि ते कुठल्याही स्वच्छता पंधरवड्याने पुसले जात नाही.

पण फक्त आपणच शिकायचे, असेही नाही. योकोहामाची मुले आली तर त्यांना गेटवे आणि मॉल दाखवून परत पाठवू नये. १९२७पासून शहराचा कचरा पोटात घेणारी देवनारची कचराभूमी दाखवावी. धारावीलगत, मिठी नदीकाठी एका जुन्या कचराभूमीवर उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान दाखवावे. स्त्री मुक्ती संघटनेसोबत काम करणाऱ्या कचरावेचक बायकांशी बोलू द्यावे. प्लास्टिकचा कुठला तुकडा कशाचा आहे, हे त्या हाताने चाचपून सांगतात. रद्दीवाल्याचा तराजू आणि स्टीलच्या डब्यातली पोळीभाजीही दाखवावी.

पालिकेने आपल्या निवडक शाळांपासून सुरुवात करावी, त्यांत मराठी माध्यमाच्या शाळा असाव्यात. पहिले वर्ष विमानाचे नावही नको. दोन्हीकडच्या वर्गांनी एकच आठवडा निवडून डब्यातले उष्टे आणि खाऊची वेष्टने रोज वजन करून मांडावीत, पडद्यावर एकमेकांना दाखवावीत आणि कमी कशी करायची यावर वाद घालावा. दुभाषा लागेल. मुंबईत जपानी शिकवणारे आणि शिकणारे बरेच आहेत. हे वर्षभर नीट चालले, तरच दुसऱ्या वर्षी थोडी मुले प्रत्यक्ष जावीत. निवड गुणांवर नको, वर्षभर वजनकाटा सांभाळणाऱ्यांची व्हावी, आणि खर्च शिक्षण विभागाच्या अर्थसंकल्पातून व्हावा.

त्या गटात मोठ्यांसाठी एखादी जागा उरलीच, तर ती शाळेच्या सफाई कामगार मावशींना द्यावी. नगरसेवकांचे आणि अधिकाऱ्यांचे अभ्यासदौरे भरपूर झाले आहेत.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई